उधारीचा इलेक्ट्रॉन

आमच्या पुंडलिकनगरात एप्रिलच्या दुपारी सीझियम हा धातू सीलबंद नळीत ठेवला, तर पंख्याखालीही तो वितळेल. साडेअठ्ठावीस अंशांना त्याचा रस होतो, आणि पाण्याशी गाठ पडली की स्फोट! पृथ्वीवर सूर्य पेटवण्याच्या उद्योगाचा मोठा भाग या नाठाळ धातूवर अवलंबून आहे, असे सांगितले तर कट्ट्यावरची मंडळी हसतील. पण वस्तुस्थिती तशी आहे.

फ्रान्समध्ये कादाराश येथे सात भागीदारांची 'इटर' ही अणुसंमीलनाची भट्टी उभी राहते आहे. भारत २००५ साली तिच्यात सामील झाला. हायड्रोजनच्या भाऊबंदांना पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवायचे, असा हा खटाटोप. इतका तप्त प्लाझ्मा चुंबकीय कुंपणातच राहू शकतो. पण हे कुंपण बाहेरच्या विद्युतभारित कणांनाही आत येऊ देत नाही. म्हणून आत सोडायचा झोत भाररहित अणूंचा हवा. आणि ज्याला भार नाही, त्याला विजेने वेग देता येत नाही!

यावर तोडगा उधारीचा. अणूला एक जादा इलेक्ट्रॉन द्यायचा, त्या जोरावर पळवायचे आणि दाराशी वसुली करायची. जुन्या यंत्रांत इलेक्ट्रॉन काढून घेतलेले धन आयन चालले. पण इटरला दहा लाख व्होल्टचा वेग हवा, आणि त्या वेगात धन आयन गमावलेला इलेक्ट्रॉन परत घेईनासा होतो. ऋण आयनाचे तसे नाही. हायड्रोजनचा स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, उसन्याला जेमतेम ०.७५. बँकेच्या भाषेत, विनातारण कर्ज. विरळ वायूशी टक्कर झाली की निम्म्याहून थोडे अधिक आयन मोकळे होतात. पण जे सहज सुटते, ते नको तिथेही सुटते.

सीझियमचे काम इथे. त्याचा पातळ थर बसलेली भिंत आपला इलेक्ट्रॉन सहज सोडते. तिच्यावर आदळलेला हायड्रोजन तो घेऊन परततो. मात्र सुमारे दोन मीटर उंचीच्या पृष्ठभागावर हा थर सर्वत्र सारखा हवा, तासभर टिकायला हवा. तिथल्या १२८० छिद्रांतून आयनांसोबत मोकळे इलेक्ट्रॉनही घुसतात. त्यांना चुंबकांनी आवरले नाही, तर जाळ्या भाजतात. खरी परीक्षा ही आहे, आणि ती कारागिरीची आहे.

गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'रॉबिन' नावाच्या छोट्या स्रोतावर हे शिक्षण चालते. मूळ रचना जर्मनीतील गार्किंगची. इटरला भारत जो झोत देणार, तो ६० अँपियर ऋण आयनांचा, एक लाख व्होल्टचा. तो तापवणार नाही. भट्टीतली हेलियमची 'राख' मोजायला मदत करणार. इटलीत पादुआ येथे २०१८ साली सुरू झालेल्या 'स्पायडर' या चाचणीयंत्राचा एक लाख व्होल्टचा वीजपुरवठाही भारतानेच दिला.

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत वीस वर्षांत संमीलन साधेल, असे भाकीत केले होते. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकात इटरचे संशोधन २०३४ला आणि खऱ्या इंधनाचा वापर २०३९ला आहे. इतक्या मुदतवाढी मागणाऱ्या कर्जदाराची फाईल मी कधीच वर पाठवली असती. पण आपला सुमारे नऊ टक्क्यांचा वाटा बराचसा वस्तूरूपाने जातो, म्हणजे पैसा आपल्याच कारखान्यांत खर्च होतो; भट्टीचे अजस्र बाह्यकवच हजिऱ्यात घडले. तेव्हा ही फाईल मी तूर्त बंद करणार नाही. सीझियमचा थर तासभर टिकला का, एवढेच दरवर्षी विचारीन.