तीस फुटांवरून जवळ आलेला चेहरा

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना मराठवाडा संपून विदर्भ सुरू व्हायच्या बेताला कनेरगाव नाका लागते. तिथे नात्यातल्या एका निकाहाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. मांडवात मधोमध कनात लावलेली. बायकांच्या बाजूला व्हिडिओवाला जाणार नाही, असे आधीच ठरले होते आणि तो गेलाही नाही. महिनाभराने पेन ड्राइव्ह घरी आला, सगळे टीव्हीसमोर बसले आणि थोड्याच वेळात दुल्हनच्या खालाने रिमोट हिसकावून घेतला. कनातीच्या दारातून टिपलेल्या बायका एकेक करून पडद्यावर येत होत्या. कुणी घास घेते आहे, कुणी ओढणी मागे टाकून पंख्याचा वारा घेते आहे. चेहरे इतके जवळ, की जणू घेणारा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता.

पोराला बोलावून घेतले. तो आपलाच, ओळखीतला. घाबरून म्हणाला, "चाचा, मी आत पाय ठेवला नाही. पुरुषांच्या पंगतीजवळून घेतलं सगळं." मग त्याने पिशवीतून वीतभर लांब, जड लेन्स काढून आमच्या हातावर ठेवली. त्यावर 70-200 असे आकडे होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याला कुठे उभे राहू नये हे आपण सांगितले होते. कोणती लेन्स लावू नये हे कुणीच सांगितले नव्हते, कारण आपल्याला ते माहीतच नव्हते.

हे आकडे मिलिमीटरचे असतात. त्याला लेन्सचे नाभीय अंतर म्हणतात. आकडा लहान तितका देखावा रुंद, आकडा मोठा तितका लहानसाच तुकडा, पण चौकट भरून. 35 च्या लेन्सने माणसाचे छातीपासून डोक्यापर्यंतचे चित्र हवे असेल तर सहाएक फुटांवर जावे लागते. म्हणजे समोरच्याला तुम्ही दिसता, तो सावरून बसतो किंवा हाताने नको म्हणतो. 200 च्या लेन्सने तेच चित्र तीस फुटांवरून मिळते.

ही करामत आजची नव्हे. 1934 साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने 'अमृतमंथन' काढला. कंपनी मूळची कोल्हापूरची, 1929 मध्ये सुरू झालेली. पुण्याला आल्यावरचा हा तिचा पहिला चित्रपट. राज्यातले बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध राजगुरू कट करतो, अशी कथा. हिंदी आवृत्तीत राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन होते. व्ही. शांताराम यांनी दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून त्यांचा एकच डोळा पडद्यावर आणला. कटाची सारी भीती त्या डोळ्यात उतरली. चित्रपटाविषयी लिहिणारे आजही आधी त्या डोळ्याविषयीच लिहितात. पण चंद्रमोहन यांना लेन्स समोर आहे हे ठाऊक होते. ते त्यांचे काम होते.

प्रभातचे नाव निघाले की आमच्या घरांत आणखी एक नाव निघायला हवे आणि ते फारसे निघत नाही. कंपनीच्या पाच संस्थापकांपैकी एक होते कागलचे शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा. बाबुराव पेंटर यांच्या तालमीत घडलेले हे कलावंत. प्रभातच्या चित्रपटांतले महाल, देवळे, गावे त्यांच्या कल्पनेतून उभी राहिली. 'अमृतमंथन'चे कलादिग्दर्शनही त्यांचेच. पुढे 1936 मध्ये विष्णुपंत दामले यांच्याबरोबर त्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाची दखल घेतली गेली. कॅमेरा म्हणजे आपल्या लोकांचे काम नव्हे, असे कुणी म्हणाले की आम्ही साहेबमामांचे नाव घेतो.

त्या पोरालाही आम्ही ते सांगितले. त्याला सिनेमाच्या लेन्स घ्यायच्या आहेत, कर्ज काढून. त्याच्या अब्बांनी आम्हाला विचारले, फोटोची लेन्स असताना ही महागडी कशाला? फरक खरा आहे. चित्रीकरण चालू असताना पात्र चालत पुढे येते, तेव्हा त्याच्यावरची स्पष्टता धरून ठेवावी लागते. त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. सिनेमाच्या लेन्सचे कडे खूप लांब फिरते, त्यावर दाते असतात, म्हणून हात हळू आणि नेमका चालतो. एका संचातल्या सगळ्या लेन्सचा रंग जुळतो, नाहीतर एकाच प्रसंगात सून गोरी आणि सासू पिवळी दिसेल. उजेडाचा आकडाही आत प्रत्यक्ष किती प्रकाश पोचतो ते मोजून दिलेला असतो. पण चांगल्या संचाची किंमत काही लाखांत जाते आणि मुंबईतले मोठमोठे निर्मातेसुद्धा त्या भाड्याने आणतात. कनेरगावच्या वलीम्यासाठी कर्ज काढणे आम्हाला पटले नाही. आधी एक साधी 35 ची लेन्स घेऊन हात बसव, असे आम्ही सुचवले.

लांबच्या लेन्सचा दोष एवढाच, की तिची चाहूल लागत नाही. जुन्या काळी बरेच विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघून वस्तूला शिवतात. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी, कैरोत असताना लिहिलेल्या 'किताब अल-मनाझिर'मध्ये ते खोडून काढले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. लेन्सचेही तेच. चेहऱ्यावरचा उजेड तिच्यात जाऊन पडतो, चेहऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून अशा वेळी "बायकांनी सांभाळून बसायचं" म्हणणाऱ्या मामूंशी आमचा वाद झाला. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितले आहे, स्त्रियांना त्यानंतर. आणि कनातीच्या आत बसलेलीने आणखी किती सांभाळायचे?

आता आमच्या घरातली सुपारी देताना बोलणे वेगळे होते. बायकांच्या बाजूचे चित्रण हवे असेल तर बाईच घेईल. कनातीकडे तोंड करून लांबची लेन्स लावायची नाही. कार्डावरचे मूळ चित्रण कुणाकडे राहणार, कधी पुसणार, हेही बयाणा देतानाच ठरते. काहींना हा संशय वाटतो. पोराला मात्र त्याचा राग आला नाही. उलट तो म्हणाला, आधीच सांगितलं तर बरं पडतं.

त्या निकाहातला तो भाग त्याने सगळ्यांसमोर पुसला. पुसता पुसता नानी म्हणाल्या, "माझा राहू दे रे, मी हसतेय त्यात." खालाने तोही पुसायला लावला. ईदनंतर पोरगा 35 ची लेन्स घेऊन घरी आला, नानींच्या बाजेशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "नानी, घेऊ का?" नानींनी ओढणी नीट केली, पानाचा डबा बाजूला सारला आणि मग मान हलवली.