ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी वाचनालय गाठा!

बीडकरांनो, ऑक्टोबरात ग्रंथालयाकडे एक चक्कर माराच. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचं औचित्य आहे. 15 ऑक्टोबरला डॉ. कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. पुढे जिल्हा ग्रंथोत्सव: ग्रंथदिंडी, व्याख्यानं, पुस्तकांचे स्टॉल. तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा.

नव्या पुस्तकांत आधी मागा देवीदास सौदागरांची ‘उसवण’. लेखक शेजारच्या तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले. रेडिमेड कपड्यांनी गावातल्या शिंप्याचं काय होतं, ते मापं घेणाऱ्या, मशीन चालवणाऱ्या माणसानंच लिहिलंय. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार याच कादंबरीला. मुख्य पुरस्कारही मराठवाड्यातच आला: सुधीर रसाळांचं ‘विंदांचे गद्यरूप’. समीक्षा आहे, पण बिचकू नका.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्याच अंबाजोगाईत. तरी गावोगावच्या वाचनालयांत गर्दी फक्त पेपर वाचणाऱ्यांची!

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरंही फडावर जातात. ग्रंथपालांनो, त्यांच्यासोबत गोष्टींची चार पुस्तकं द्या. फाटून परत आली तरी चालतील.