घरातल्या खोक्यांमागचा साप

जव्हार तालुक्यातील दाभोसा धबधब्याच्या परिसरातील वारली चित्रे, बांबूच्या वस्तू आता ऑनलाइनही विकल्या जातात. वेगळे गोदाम नसले की मालाची खोकी झोपायच्या खोलीतच रचली जातात. धोका इथेच आहे. पुठ्ठा आणि पेंढ्यात उंदीर घर करतात. उंदरांच्या मागे साप येतो. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली, तरी वेदना वा सूज फारशी नसते. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडखळतो.

म्हणून माल भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच फळीवर ठेवा. धान्य घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. खोकी हलवण्यापूर्वी टॉर्च लावा, काठीने ठोका. शक्यतो खाटेवर झोपा; मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा.

दंश झालाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. रुग्णाला चालवू नका. १०८ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा. तिथले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. भगताकडे गेलेला तास मात्र परत मिळत नाही.