‘आढळले नाही’

महापेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी 19 वर्षं पाणी तपासते आहे. सीलबंद बाटल्या येतात, 20 लिटरचे जार येतात, कधी टँकरचं पाणी येतं. अहवालात माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा पडलेले शब्द म्हणजे ‘आढळले नाही’. ते वाचून लोक निर्धास्त होतात. काय शोधलं आणि किती बारकाईनं शोधलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

2003 साल मी विसरू शकत नाही. बाटलीबंद पाण्याला आयएसआय शिक्का 2001 पासून सक्तीचा होता. कीटकनाशकं आढळता कामा नयेत, असं मानकात लिहिलंही होतं. पण ठरवून दिलेली तपासणीची पद्धतच इतकी ढोबळ होती, की बारीक अंश सापडणार कुठून? त्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दिल्ली आणि मुंबई परिसरातल्या बाटल्या घेऊन आपल्या प्रयोगशाळेत तपासल्या. लिंडेन, डीडीटी, क्लोरपायरिफॉस, सगळं निघालं. मग मानक बदललं: एका कीटकनाशकाला लिटरमागे 0.0001 मिलिग्रॅम, सगळी मिळून 0.0005. हे घडलं कारण बाहेरच्या कुणीतरी बाटली उचलली आणि वेगळा प्रश्न विचारला.

आज तो प्रश्न पीएफएएसचा आहे. डाग न धरणारं कापड, न चिकटणारा तवा, आग विझवायचा फेस यांतली ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. अमेरिकेनं एप्रिल 2024 मध्ये त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना नळाच्या पाण्यात लिटरला प्रत्येकी 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे 10 हजार लिटरच्या टँकरात मिठाच्या एका कणाहूनही कमी! इतकं सूक्ष्म मोजायचं तर नमुना घेण्यापासूनच जपावं लागतं. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण चालत नाही, नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न धरणारं जाकीटही चालत नाही, कारण त्यांतलं पीएफएएसच पाण्यात उतरू शकतं.

हे दूरचं दुखणं नाही. इटलीत त्रिसिनो इथल्या मितेनी कारखान्यानं व्हेनेतो भागाचं भूजल पीएफएएसनं नासवलं. 2018 मध्ये तो दिवाळखोरीत निघाला आणि त्याची यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरीतल्या लोटे परशुरामला आली. असं असूनही बाटलीवाल्यांच्या अर्जात पीएफएएसचा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. अर्जात नाही, म्हणून तपासणीत नाही, म्हणून अहवालातही नाही.

प्लास्टिकच्या कणांचंही तेच. जानेवारी 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीतल्या पाण्यात लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजार कण सापडले, बहुतेक नॅनो आकाराचे. त्यांत बाटलीचं प्लास्टिक होतंच, पण पॉलिअमाइडही होतं. पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांतून ते आलं असावं, असा त्यांचा कयास आहे. पाणी गाळणाऱ्या पडद्याचाच संशय घ्यावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रानं आयएसआय शिक्क्याची सक्ती काढली. नोव्हेंबरअखेर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या अन्नात टाकलं, त्यामुळे दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण आलं. ते चांगलंच आहे. पण लेखापरीक्षक एक दिवस कारखान्यात येतो आणि बाटली बाजारात वर्षभर फिरते. वाशीच्या फलाटावरून, सानपाड्याच्या टपरीवरून कुणी न सांगता बाटली उचलायला हवी, आणि प्रमाणपत्रावर काय तपासलं त्याच्याबरोबर काय तपासलं नाही तेही छापायला हवं.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जारवाल्याचा अहवाल दाखवला. “ताई, सगळं ओके आहे ना?” मी पान उलटून तळाची बारीक ओळ त्यांना वाचून दाखवली: ‘नमुना ग्राहकाने आणून दिला. निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते.’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग वॉचमनच्या केबिनमधला सीलबंद जार आम्ही दोघांनी माझ्या गाडीत ठेवला.