एकच पाटी, अनेक हात

नंदुरबार : जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला 'आधार' क्रमांक देण्यात आला. या क्रमांकाच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीचा. आधीच्या ११ अंकांवरून तो गणिताने निघतो. समजा, हे गणित करणाऱ्या एखाद्या फंक्शनने हातचा आकडा एकाच सामाईक जागेत लिहून ठेवला. एका वेळी एकच विचारणा आली, तर उत्तर अचूक. दोन एकाच क्षणी आल्या, की पहिलीचा आकडा दुसरी पुसते आणि रेशनच्या रांगेतील माणसाचा खरा क्रमांक खोटा ठरतो. पुन्हा तपासावे, तर सारे ठीक!

युनिक्सच्या कुळातील प्रणालींत (लिनक्स त्यांतलीच) अशी फंक्शने 'शेअर्ड लायब्ररी'त असतात. तिच्या कोडची एकच प्रत अनेक प्रोग्रॅम वापरतात. बदलती माहिती मात्र ज्याची त्याला. गोची होते ती एकाच प्रोग्रॅममधील थ्रेडची. त्यांची स्मृती सामाईक असते.

सी भाषेतील मजकुराचे तुकडे करणारे 'स्ट्रटॉक' आपण कुठवर आलो हे स्वतःच्याच पोटात ठेवते. 'लोकलटाइम'ही तसेच. १९९५च्या पॉसिक्स थ्रेड मानकाने 'स्ट्रटॉक_आर', 'लोकलटाइम_आर' ही भावंडे दिली. त्यांना लिहिण्याची जागा बोलावणाऱ्यानेच पुरवायची.

कुलूप लावले की काम भागले, हा समज मात्र अपुरा आहे. स्मृती मागणारे 'मॅलॉक' आधुनिक प्रणालींत थ्रेड-सेफ असते, रीएन्ट्रंट नव्हे. ते आत काम करीत असतानाच सिग्नल आला आणि त्याच्या हँडलरने पुन्हा 'मॅलॉक'लाच हाक मारली, तर प्रोग्रॅम कायमचा अडकू शकतो. आपणच आतून कडी लावून आपणच बाहेरून दार ठोठावावे, तसे! पहिली फेरी अर्धवट असताना दुसरी निर्धोक पार पडली, तरच फंक्शन रीएन्ट्रंट.

लायब्ररी कोण, कशी वापरील हे तिच्या लेखकाला ठाऊक नसते. म्हणून बदलती माहिती जागतिक चलात न ठेवता बोलावणाऱ्याच्या हवाली करावी. कुलूप नाइलाजाने लावावे आणि ते हाती असताना परक्या फंक्शनला बोलावू नये. जीसीसी व क्लँगमधील 'थ्रेडसॅनिटायझर' अशा चुका चालत्या प्रोग्रॅममध्ये पकडतो. पण चाचणीत ज्या वाटेने प्रोग्रॅम गेलाच नाही, तिथली चूक त्यालाही दिसत नाही.