आडसाली मुलं, सुरू मुलं

श्रीरामपूरहून एका पालकांनी विचारलं आहे : मुलगा तेरा वर्षांचा, डावखुरा, चेंडू चांगला जोरात टाकतो. लाळेचा नमुना पाठवला की मूल कोणत्या खेळात चमकेल ते सांगणारी जनुकचाचणी निघाली आहे म्हणे. करून घ्यावी का?

करू नका. त्या पैशांत चांगले बूट येतील. या चाचण्यांमध्ये सर्वांत जास्त मिरवलं जाणारं जनुक म्हणजे एसीटीएन-३. स्नायूंच्या वेगवान तंतूंमध्ये सापडणारं एक प्रथिन त्याच्यामुळे बनतं. जगातल्या सुमारे एक पंचमांश माणसांमध्ये ते बनतच नाही आणि त्यांचं काही अडतही नाही. कमी अंतराच्या शर्यतींतल्या आघाडीच्या धावपटूंमध्ये अशी माणसं फार कमी दिसतात, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं आणि बाजाराने ते उचललं. पुढे स्पेनचा एक ऑलिम्पिक लांबउडीपटू सापडला. पठ्ठ्या आठ मीटरच्या पुढे उडी मारणारा, पण हे प्रथिन त्याच्या स्नायूंत औषधालाही नव्हतं. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं की गुणी खेळाडू हेरायला अशा चाचण्यांचा आज काहीही उपयोग नाही. जाहिराती मात्र थांबलेल्या नाहीत.

खरा प्रश्न जनुकाच्या अलीकडचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे बघून काय कळतं? श्रीरामपूरहून हा प्रश्न आला की एक नाव टाळता येत नाही. झहीर खान तिथलाच, जन्म ७ ऑक्टोबर १९७८. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळू लागला. तिथून एमआरएफ पेस फाउंडेशनच्या टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो चेन्नईला पोहोचला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे : ९२ कसोटींत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१. पण क्रम पाहा. निवडीची यंत्रणा श्रीरामपूरला आली नव्हती, मुलगा यंत्रणेकडे गेला होता.

त्याच वर्षी, झहीरच्या अडीच महिने आधी, रशियात उरल पर्वताजवळच्या स्वर्दलोव्स्क शहरात पावेल दात्स्युक जन्मला. खेळ आइस हॉकी, अंगकाठी किरकोळ. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांची क्रमवार निवड होते. १९९६ मध्ये त्याला कोणी घेतलं नाही, १९९७ मध्येही नाही. १९९८ मध्ये डेट्रॉइटच्या संघाने घेतलं ते १७१ व्या क्रमांकावर. तेही कसं? त्यांचा स्वीडिश हेर होकान आंदेरसोन दुसऱ्याच एका पोराला बघायला रशियात गेला होता आणि त्याचे डोळे या बारक्यावर खिळले. दात्स्युकने दोनदा एनएचएलचा स्टॅनले चषक जिंकला आणि २०२४ मध्ये तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्याआधी निवडल्या गेलेल्या १७० जणांपैकी बहुतेकांची नावं आज हॉकीवेड्या कॅनडातही कोणी सांगू शकणार नाही.

हेर आंधळे असतात असं नाही. ते जे बघतात तेच फसवं असतं, आणि याचा छडा लागला तो प्रेक्षकांमध्ये. १९८० च्या दशकात कॅनडातल्या लेथब्रिज गावी मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉलासह कुमारांचा हॉकी सामना बघत होते. पॉलाबाई कार्यक्रमपत्रिका चाळत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की खेळाडूंच्या जन्मतारखा जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्येच गर्दी करून आहेत. रॉजरने मग याद्या काढून मोजदाद केली. निवडक कुमार संघांत जवळपास ४० टक्के मुलं वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली आणि शेवटच्या तिमाहीतली जेमतेम १० टक्के! कारण साधं होतं. वयोगटाची तारीख १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात खेळतात, पण पहिला जवळपास वर्षभराने मोठा असतो. दहाव्या वर्षी हे अंतर केवढं तरी मोठं. मोठा मुलगा 'हुशार' ठरतो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच चांगला होतो.

हा निबंध १९८५ मध्ये छापून आला. पॉलाचं नाव त्यावर तिसरं आहे आणि लोक सांगताना 'बार्न्सलींचा शोध' म्हणून मोकळे होतात. पण माझा जीव अडकतो तो क्विबेकच्या सिमाँ ग्राँदँमध्ये. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉकी आणि व्हॉलीबॉलसाठी हीच गोष्ट एक वर्ष आधी, १९८४ मध्येच छापली होती. फ्रेंचमध्ये. म्हणून जगाने ती वाचलीच नाही. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटली तर समजून घ्या.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, सुरू ऊस बारा महिन्यांत तोडणीला येतो. दोन्हींचं टनेज शेजारी ठेवून 'आडसालीचा वाण भारी' असं कोपरगाव ते श्रीगोंदा कोणताही शेतकरी म्हणणार नाही. तो आधी विचारेल, लागण कधीची? पोरांच्या बाबतीत मात्र आपण लागण विचारतच नाही. ऊस-संशोधक तर आणखी पुढे जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने २००७ मध्ये फुले २६५ हा वाण दिला. असा वाण हाती यायला दहा-बारा वर्षं लागतात. हजारो रोपांपासून सुरुवात होते, दरवर्षी चाळणी लागते. उरलेले वेगवेगळ्या जमिनींत, सुरूला, पूर्वहंगामीला, आडसालीला लावून बघतात. आणि एवढ्यावर भागत नाही, खोडवा कसा येतो तेही बघतात. एका रानातल्या एका हंगामावर वाणाचं भवितव्य ठरवणाऱ्याला राहुरीत कोणी दारात उभं करणार नाही. मुलांचं भवितव्य एका सकाळच्या निवड चाचणीत ठरतं.

त्यातही जन्मतारीख हा हिशेबाचा अर्धाच भाग. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण ही सरासरी मोठी लबाड आहे. कोणाला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटतं, कोणी दहावी संपेपर्यंत पोरगेला राहतो. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचंही अंतर असू शकतं. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुलं निवडताना उंची, वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक अशा कसोट्या लावतात. यातल्या बहुतेक कसोट्यांमध्ये लवकर वाढलेल्याला वाढीव गुण आपोआप मिळतात. त्यात मोजणाऱ्याची लबाडी नसते, टेपच तसा आहे.

निवडताना मोठ्याला असं झुकतं माप मिळतं, याचा दाखला एनएचएलमध्येच मिळतो. १९८० ते २००६ या काळात निवडल्या गेलेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू आपल्या लायकीपेक्षा चाळीसहून अधिक क्रमांक खाली निवडले गेले होते. आणि ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या जवळपास दुप्पट होती. लहान असूनही जे टिकले, त्यांच्यात काहीतरी होतंच. हेरांनी तेच कमी मोजलं, आणि एवढ्या वर्षांत ही चूक सुधारली नाही.

आता यावरून ऑक्टोबरात जन्मलेलं पोर म्हणजे नक्की हिरा, असं कोणी समजू नये. रशियाचाच नाइल याकुपोव्ह ऑक्टोबरातला. २०१२ च्या निवडीत तो थेट पहिला आला आणि ३५० सामन्यांत त्याची एनएचएलमधली कारकीर्द आटोपली. किरिल काप्रिझोव्ह एप्रिलचा, २०१५ मध्ये १३५ वा. दहा वर्षांनी त्यानेच एनएचएलच्या इतिहासातला सर्वांत महागडा करार केला, आठ वर्षांचे १३ कोटी ६० लाख डॉलर. जन्ममहिन्यावरून गर्दीचा कल कळतो, एकट्या पोराची कुंडली मांडता येत नाही. कुंडल्यांची आपल्याकडे तशीही कमतरता नाही.

गंमत म्हणजे नेमकं औषध आपल्या हाताशी आहे. वयचोरी पकडायला बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतं. पद्धत टॅनर-व्हाइटहाउस या जोडीची. त्यातून मूल लवकर वाढणारं की उशिरा, हेही कळतं. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्या वयाऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे मुलांचे गट करून सामने खेळवतात. त्यात लवकर वाढलेल्या दांडगोबाला एकदाचं डोकं वापरावं लागतं आणि बारक्याला श्वास घ्यायला मिळतो. आपल्याकडे तोच एक्स-रे पोलिसी कामापुरता.

बार्न्सलींसारखी मोजदाद आपल्या जुन्या याद्यांवर करता येईल का? अवघड आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेल्या १ जूनच्या जन्मतारखेने आपल्याकडची एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला घातली आहे. त्यांचा आलेख काढला तर जूनमध्ये कळसूबाई उभं राहील. आताच्या मुलांकडे मात्र जन्माचे दाखले आहेत. जिल्हा संघ, शालेय स्पर्धा, प्रबोधिनी, कोणतीही शंभर-दोनशे नावांची यादी चालेल. संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला एक दुपार पुरेल. फक्त तिमाही पाडण्याआधी त्या खेळाची वयाची तारीख विचारून घ्यावी : एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेटला १ सप्टेंबर धरतात, म्हणजे तिथला आडसाली पोरगा जानेवारीचा नसून भाद्रपदातला निघेल.