चिकनआधी भाजी चाखा

अटलांटा, शार्लट, रॅली, नॅशव्हिल या शहरांत आता इतकी मराठी घरं झाली आहेत, की पुण्या-नाशकाचे आईवडील दर उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जातात. मुलं त्यांना हौसेनं बाहेर जेवायला नेतात, ती बहुधा इंडियन, मेक्सिकन नाहीतर इटालियन हॉटेलात. जवळच्याच रस्त्यावरचं, दुपारी अडीचला दार लावून घेणारं स्थानिक 'सदर्न' हॉटेल मात्र राहून जातं. तिथे सगळं तळलेलं आणि डुकराचं असतं, असा एक समज आहे. शिवाय त्या जेवणात चांगलं काय आणि सुमार काय, हे ओळखायचं कसं, हाही प्रश्न असतोच. समजातला काही भाग खरा आहे, त्याकडे पुढे येते. पारखीच्या बाबतीत मात्र आपण अगदीच कोरे नाही. मक्याचं पीठ, ताक, चवळी, भेंडी, उकडलेल्या शेंगा, गोड ज्वारीच्या ताटांचा रस आटवून केलेली काकवी, हे सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्वयंपाकघरातलं रोजचं सामान आहे. उकडलेल्या शेंगा तर साउथ कॅरोलायना राज्यानं २००६ साली आपला अधिकृत 'राज्य-खाऊ' म्हणून जाहीर केल्या.

या भागातल्या साध्या हॉटेलाचा ठरलेला प्रकार म्हणजे 'मीट अँड थ्री'. एक मांसाचा पदार्थ निवडायचा, फळ्यावरच्या यादीतून तीन भाज्या घ्यायच्या, सोबत मक्याचा ब्रेड किंवा बिस्किट. नॅशव्हिल हे या पद्धतीचं माहेरघर मानलं जातं. तिथलं १९८२ मध्ये सुरू झालेलं 'आर्नोल्ड्स कंट्री किचन' पाहिलं, की पद्धत लगेच लक्षात येते. ट्रे घ्यायचा, रांगेत सरकत राहायचं आणि वाफाळत्या भांड्यांमागे उभ्या असलेल्या बाईंना बोटानं दाखवायचं. आज काय आहे ते वारावर ठरतं. आणि 'भाजी' या सदरात मॅकरोनी-चीजही बसतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुकाट मान्य करावं.

अशा हॉटेलाची परीक्षा भाज्यांवर करावी, असं माझं ठाम मत आहे. सगळे बोलतात ते तळलेल्या चिकनबद्दल. पण तेलाचं तापमान आणि घड्याळ सांभाळलं, तर चिकन बऱ्यापैकी जमून जातं, आणि तळणीचा खमंगपणा बऱ्याच चुका झाकतो. भाजीत तशी लपवाछपवी चालत नाही. सकाळी सहाला कुणीतरी येऊन पालेभाजीच्या जुड्या तीन पाण्यांतून धुतल्या का, जाड दांडे काढले का, चवळी डब्यातून ओतली की रात्री भिजवली, हे पहिल्या घासालाच कळतं. आणि ज्या स्वयंपाकघरात स्वस्तातल्या वस्तूवर इतके कष्ट घेतले जातात, तिथलं चिकन सहसा वाईट निघत नाही. चिकन चांगलं पण भाजी सुमार, असं मात्र मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

सगळ्यात आधी कॉलर्ड घ्या. कोबीच्याच कुळातली ही पालेभाजी, पण गड्डा न धरणारी. पानं जाड, गडद हिरवी आणि अंगाची चिवट. ती परतून भागत नाही. खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या हाडाबरोबर मंद आचेवर तास-दीड तास शिजवतात. चांगली शिजलेली कॉलर्ड गडद शेवाळी रंगाची दिसते, काट्यानं उचलली की पान अख्खं राहतं आणि दाताखाली सहज तुटतं. हिरवीगार असेल तर घाई झाली, लगदा झाला असेल तर कालची आहे. चवीत आधी हलका कडवटपणा, मग धुराचा वास, शेवटी व्हिनेगरची आंबट टोचणी. टेबलावर मिरच्या बुडवलेल्या व्हिनेगरची बाटली असते ती याचसाठी. ती पालेभाजीवर शिंपडायची असते, चिकनवर नव्हे.

भांड्याच्या तळाशी उरतो तो 'पॉटलिकर', म्हणजे भाजीचा सगळा कस उतरलेला हिरवट रस्सा. अटलांटात १९४५ पासून चालू असलेल्या 'मेरी मॅक्स टी रूम'मध्ये पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला कपभर पॉटलिकर आणि मक्याचा ब्रेड फुकट देण्याची रीत आहे. या रश्श्यात मक्याची पोळी बुडवून खावी की कुस्करून, यावर १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन'चे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात वर्तमानपत्रातून जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवणाऱ्यांचे, हॅरिस कुस्करणाऱ्यांचे. देशभरातून पत्रं आली. तो महामंदीचा काळ होता आणि रश्श्यावर दिवस काढणारी घरं गावोगाव होती, हे लक्षात घेतलं की त्या वादातला जिव्हाळा समजतो.

मक्याच्या ब्रेडवरचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात साखर घालावी की नाही? जुन्या वळणाचे लोक म्हणतात, अजिबात नाही. त्यामागे दळणाचा इतिहास आहे. पूर्वी शेतातच वाळलेला मका दगडी जात्यावर दळत, त्याची गोडी पिठात उतरायची. पोलादी रूळांच्या गिरण्या आल्या, टिकाऊपणासाठी दाण्यातला अंकुर काढून टाकला जाऊ लागला आणि पीठ बेचव झालं. ती उणीव भरून काढायला साखर आणि मैदा शिरले, अशी मांडणी खाद्य-इतिहासकार करतात. माझी कसोटी साखरेची नाही, कडेची आहे. बिडाचा तवा चरबी घालून आधी कडकडीत तापवावा लागतो. पातळ पीठ त्यात पडताना चर्र आवाज आला, तरच खालची बाजू तपकिरी, कुरकुरीत होते. केकसारखा चौकोनी, मऊ, पिवळाधमक तुकडा पुढ्यात आला तर तो ट्रेमध्ये भाजून सकाळपासून तसाच पडलेला असतो. उरलेला मक्याचा ब्रेड ग्लासात कुस्करून, वर थंडगार ताक ओतून चमच्यानं खाणारी म्हातारी माणसं दक्षिणेत अजून भेटतात. आपल्याकडच्या ताक-भाकरीचीच ती बहीण.

बिस्किटाला मात्र वेगळा हात लागतो. हे आपलं चहाचं बिस्किट नव्हे. ताक, चरबी आणि खाण्याचा सोडा घालून केलेला गरम, उंच, पापुद्र्यांचा पाव. दक्षिणेत मऊ जातीचा हिवाळी गहू पिकतो, त्याच्या पिठात प्रथिनं कमी, म्हणून चिवटपणा कमी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेल्या 'व्हाइट लिली' पिठाचं नाव दक्षिणेतल्या आज्या अजून आदरानं घेतात ते यामुळे. पीठ मळायचं नसतं, नुसतं घडी घालून दाबायचं. साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही, नाहीतर कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही. हॉटेलात एवढंच करा: बिस्किट हातानं उघडा. आडवं, घडीच्या रेषेवर सहज सुटलं आणि आतून वाफ आली तर उत्तम. भुगा झाला किंवा सुरी मागवावी लागली, तर लोण्यानं ते सुधारणार नाही.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवलेल्या. दगडी जात्यावरच्या कण्यांना पाऊण तास ते तासभर ढवळत बसावं लागतं, पाकिटातल्या झटपट कण्या पाच मिनिटांत होतात. जिभेला कणी जाणवली पाहिजे आणि मक्याचा वास आला पाहिजे. नुसता चिकट पांढरा गोळा असेल तर पुढचा घास घेण्याची गरज नाही.

आता चिकन. तुकडा हाडासकट हवा. मीठ आतपर्यंत मुरलेलं हवं, वरून भुरभुरलेलं नको. मांडी हाडाजवळ मोडून बघा, मांस रसदार आणि आवरण मांसाला घट्ट धरून असायला हवं. हाडासकट तुकडा तळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गर्दी नसताना ऑर्डर दिल्यावर पाचव्या मिनिटाला ताट आलं, तर ते चिकन आधीच तळून ठेवलेलं असतं. 'थोडं थांबावं लागेल' असं वाढणाऱ्या बाई सांगतात, तेव्हा मी निश्चिंत होते.

हॉटेलांना गुण देण्याच्या अमेरिकन रिवाजाचंही दक्षिणेशी जवळचं नातं आहे. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचे डंकन हाइन्स फिरते विक्रेते होते. रस्त्यावर भेटलेल्या चांगल्या खाणावळींच्या त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९३६ मध्ये 'अ‍ॅडव्हेंचर्स इन गुड ईटिंग' ही मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्यानं 'ग्रीन बुक'ची पहिली आवृत्ती काढली. ती पुढे देशभर पसरली. हाइन्स सांगत होते, कुठे चांगलं मिळतं. ग्रीन सांगत होते, आपल्या लोकांना कुठे बसू देतात. ज्या कृष्णवर्णीय बायांनी आधी गुलामीत आणि नंतर तुटपुंज्या पगारावर दक्षिणेची चूल सांभाळली, त्यांच्याच कुटुंबांना तिथल्या बहुतेक हॉटेलांत टेबल मिळत नव्हतं. दक्षिणेच्या जेवणाबद्दल बोलताना हे बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं 'ऑलीज बार्बेक्यू' याचं उदाहरण. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना ते बांधून द्यायचं, पण आत बसू द्यायचं नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला त्याच्या मालकांनी आव्हान दिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकाल फिरला तो मांसाच्या खरेदीवर. वर्षभरात घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचं मांस मुळात राज्याबाहेरून आलेलं होतं. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार झाला, म्हणजे केंद्राचा कायदा लागू. डिसेंबर १९६४ मध्ये कोर्टानं एकमतानं तसा निर्णय दिला. ज्या हॉटेलांनी नागरी हक्कांच्या लढ्याला आसरा दिला, तीही नावानिशी ठाऊक असावीत. अटलांटात १९४७ मध्ये जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी काढलेल्या 'पास्कल्स'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी चिकन खात खात बैठका घेत. त्याच वर्षी लुसी जॅक्सन यांनी सुरू केलेल्या 'बिझी बी कॅफे'ला २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. मिशेलिन मार्गदर्शिकेचे परीक्षक अटलांटात पोहोचले, ते २०२३ साली.

आधुनिक हॉटेल-समीक्षेचे नियम घालून देणारे 'न्यू यॉर्क टाइम्स'चे क्रेग क्लेबर्नही मिसिसिपीचेच. त्यांच्या आई इंडियानोला गावात खानावळ चालवत. नाव न सांगता जायचं, पुन्हा पुन्हा जायचं, बिल पेपरनं भरायचं, ही शिस्त त्यांनी रुजवली. १९८५ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या 'क्रूक्स कॉर्नर'मधल्या बिल नील यांच्या कोळंबी-ग्रिट्सवर लिहिलं आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांची न्याहारी देशभरच्या मेनूवर गेली. आपल्यालाही त्यातला एक नियम पाळता येईल. एका भेटीत निकाल देऊ नये. या हॉटेलांत मंगळवार आणि शुक्रवार ही जवळजवळ दोन वेगळी हॉटेलं असतात.

आता शाकाहारी मंडळींसाठी. यादीत 'व्हेजिटेबल प्लेट' असतं, म्हणजे मांस वगळून तीन-चार भाज्या. नाव फसवं आहे. कॉलर्डमध्ये डुक्कर, फरसबीत बेकन, बिस्किटात कधी डुकराची चरबी, भातात चिकनचं पाणी. रताळ्यावरच्या मार्शमेलोमध्ये आणि जेलीच्या सॅलडमध्ये जिलेटिन. भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळलेली असते, पण बहुधा चिकनच्याच तेलात. प्रत्येक पदार्थाबद्दल वेगळं विचारा. 'यात मांस आहे का' एवढं पुरत नाही, 'पोर्क, बेकन, लार्ड किंवा ब्रॉथ आहे का' असं विचारा. अनुभव असा, की वाढणाऱ्या बाई आत जाऊन विचारून येतात आणि खरं सांगतात. काही ठिकाणी आता भाज्या मांसाशिवायही शिजवतात. उन्हाळ्यात पिकलेल्या टोमॅटोच्या चकत्या आणि कणसाचे दाणे मागा.

ही परंपरा आता आपल्या माणसांच्याही हातात आली आहे. गुजरातेत वाढलेले विश्वेश भट मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावात 'स्नॅकबार'चे शेफ म्हणून नावाजले आणि २०१९ मध्ये त्यांना दक्षिण विभागातला सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आपल्या अहमदनगरला वाढलेले मेहेरवान इराणी यांनी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला 'चाय पानी' काढलं. २०२२ च्या याच पुरस्कारांत ते देशातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरलं, आणि तिथे मिळते भेळ, वडापाव. हे सदर्न म्हणायचं का, असा प्रश्न अटलांटातल्या मित्रमंडळीत नेहमी निघतो. त्यांच्या भेंडीच्या कुरकुरीत काड्यांबद्दल तरी मला शंका नाही. भेंडी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर दक्षिणेत आली, तिथल्या तळणीत रुळली. इराणी ती उभी बारीक चिरून तळतात, वर मीठ आणि लिंबू. कसोटी तीच लावायची, जी मीट अँड थ्रीमधल्या भेंडीला लावतो: बुळबुळीत नको, तेलकट नको, आणि भेंडीची चव आली पाहिजे. या तिन्ही बाबतींत ती उतरते, आणि ती डुकराच्या चरबीत तळलेली आहे का, हे तिथे विचारावं लागत नाही.